पाइपाचं तोंड आणि हातातला चाप : पार्श्वभूमी

वरुडजवळच्या शेंदुरजनाघाटच्या नर्सऱ्यांत जंबेरीच्या (म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या खुंटाच्या) रोपांना पाणी देणाऱ्या बाया पाइपाच्या तोंडावर अंगठा धरतात. दाबला की पाणी पसरतं, सैल सोडला की धार सुटते, आणि एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात जायचं असलं की पाइपाला घडी घालून मूठ आवळायची. दोन-तीन तासांत अंगठा पांढराफटक पडतो, सुरकुततो. तरी हातात धरायची नोझल बनवणाऱ्याला पहिली टक्कर द्यावी लागते ती या अंगठ्याशी. तो फुकट आहे, तुंबत नाही, आणि डोळा भरलेल्या कलमाजवळ आला की आपोआप मऊ होतो.

अंगठ्यानं पाण्याला जोर येतो असं सगळेच म्हणतात. होतं एवढंच की लांब, अर्ध्या इंची पाइपातून पाणी वाहताना त्याचा बराचसा दाब पाइपाच्या आतल्या अंगाला घासण्यातच संपतो. तोंड आवळलं की वाहणं कमी होतं, घासणं कमी होतं, आणि वाचलेला दाब तोंडाशी येतो. धार लांब जाते, बादली मात्र उशिरा भरते. आजवर निघालेल्या सगळ्या हाती नोझल याच एका हिशेबावर चालतात. बाकीचे फरक पाणी अडवायचं कुठं आणि कशानं, एवढ्यापुरते आहेत.

या नर्सऱ्यांसाठी आमच्याकडचा एक लेथवाला गेल्या हंगामापासून हाती नोझल घडवतो आहे. त्याच्या खटपटीला मागची पार्श्वभूमी आहे म्हणून हे टिपण.

फार जुनं थोडक्यात सांगतो. आग विझवायला चामड्याची नळी वापरायची युक्ती ॲमस्टरडॅममध्ये १६७० च्या दशकात एका चित्रकारानं काढली. वऱ्हाडात पाइप आणि त्याचं पितळी तोंड ही जोडी लोकांनी शेतात पाहण्याआधी जिनिंगमध्ये पाहिली. रुईला आग लागायला ठिणगी पुरते, म्हणून जिनिंगच्या आवारात वाळूच्या लाल बादल्या आणि कॅनव्हासचा पाइप. लहानपणी मी पाहिलेल्या त्या पितळी तोंडाला कॉक नव्हता. सरळ निमुळती नळी, पाणी सोडायचं-बांधायचं चाक दूर भिंतीशी. पाइप धरणारा ओरडणार, चाकाजवळचा फिरवणार. पुढं शेतातही हेच झालं, फक्त चाकाच्या जागी मोटरचा स्टार्टर आला. "बंद कर रे" ही हाळी अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येते, ज्यानं बंद करायचं त्याला सोडून सगळ्यांना.

हातातला चाप ओलिताच्या वाटेनं आलाच नाही. तो फवाऱ्याच्या पंपाला लटकून आला, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो.

फवाऱ्याची नोझल जन्मली तीही आपल्या ओळखीच्या पिकांवर. पाण्याला आतल्या आत गरगरवून बारीक तुषार करणारी नोझल १८८० च्या आसपास अमेरिकेत कापसाच्या अळीवर औषध मारण्यासाठी निघाली. त्याच दशकात फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत मोरचूद-चुन्याचं मिश्रण मारायला पाठीवरचे पंप आले. ते बोर्डो मिश्रण आज आपण संत्र्याच्या बुंध्याला डिंक्या रोगासाठी लावतो. विदर्भात मात्र पंप घरोघरी गेला तो १९८० नंतर. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसावर, पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं आली, नव्वदच्या दशकात बोंडअळीनं फवारण्यांची संख्या वाढवत नेली, आणि ज्याच्याकडे पाच एकर वावर त्याच्याकडे एक पंप हे गणित बसलं. २००२ मध्ये बोंडअळीला दाद न देणारं बीटी कापसाचं बियाणं आलं तरी पंप खुंटीवरून उतरले नाहीत, रसशोषक किडींसाठी लागतच राहिले.

त्यामुळे हातात दांडी, बोटाखाली चाप, दाबला की सुरू, सोडला की बंद ही सवय इथल्या माणसाला फवाऱ्यानं लावली. पाइपाची नोझल दुकानात आली तेव्हा तिचा आकार आधीच ठरलेला होता. कुणी ठरवला, तर हातानं.

आता शब्दाकडे येऊ, कारण लेथवाल्याचे दोन महिने या शब्दानं खाल्ले.

वरुडच्या बाजारात जाऊन "नोझल द्या" म्हणा. दुकानदार आधी विचारेल, कशाची? फवाऱ्याच्या पंपात नोझल म्हणजे टोकाची टोपी आणि तिच्यातली बारीक भोकाची चकती. तुषार संचात नोझल म्हणजे गरगर फिरणारं आख्खं डोकं, त्यालाच कुणी तोटी म्हणतं. पाइपवाल्याकडे नोझल म्हणजे पिस्तुलासारखी वस्तू, तिच्यात मूठ, चाप, आतला वाल (पाणी अडवणारी झडप) आणि पुढचं तोंड सगळं आलं. एचटीपी पंपाच्या, म्हणजे जास्त दाबाच्या फवारणी पंपाच्या, बाबतीत तिलाच गन म्हणतात आणि नोझल हा शब्द पुन्हा तिच्या टोकाकडे सरकतो. चापाचंही तसंच. कुणी चाप म्हणतं, कुणी घोडा, कुणी खटका. वाल म्हटलं तर गेटवाल की विहिरीतल्या पाइपाच्या बुडाचा फुटवाल, आणि फुटवालचा तर गावोगाव फुटबॉल झालेला आहे. विहिरीत फुटबॉल अडकला म्हटल्यावर नवीन माणूस आधी पोरांना शोधतो.

हे नुसतं गमतीचं असतं तर लिहिलं नसतं. नर्सरीतून पहिली तक्रार आली ती अशी : "नोझलचं भोक लहान आहे, पाणी कमी येते." लेथवाल्याच्या डोक्यात नोझल म्हणजे टोक. त्यानं टोकाचं भोक ४ मिलिमीटरचं ८ केलं. दाब तोच असेल तर भोकाचा व्यास दुप्पट झाल्यावर पाणी चौपट यायला हवं. आलं जवळजवळ आधीइतकंच. धार मात्र मेली, अंगणातल्या सड्यासारखी जवळच पडू लागली. त्यानं भोक आणखी वाढवलं, धार आणखी मेली. अडथळा टोकाला नव्हताच. चापाखालच्या वालची वाट ४ मिलिमीटरची होती, फवाऱ्याच्या दांडीतून जशीच्या तशी उचललेली. जी जागा सगळ्यांत अरुंद, तिचं राज्य. नर्सरीवाल्याला नोझल म्हणजे आख्खी वस्तू अभिप्रेत होती, म्हणजे त्याची तक्रार बरोबर होती. लेथवाल्याचं कामही त्याच्या अर्थानं बरोबर होतं. आता तो आपल्या वहीत तीन वेगळे शब्द लिहितो, मूठ, वाल आणि तोंड. नोझल हा शब्द फक्त बिलावर.

पंपाच्या दांडीतून उचललेला वाल तसा वाईट नसतो. फवारणीत मिनिटाला थोडंसंच द्रावण जायचं असतं आणि दाब भरपूर असतो, एचटीपीमध्ये तर २० ते ३० किलो. (किलो म्हणजे चौरस सेंटीमीटरवरचे. आमच्याकडे दाबाला एवढंच म्हणतात.) घराच्या स्लॅबवरच्या टाकीचं पाणी तीन मीटर उंचीवरून येतं, त्याचा दाब भरतो किलोच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. गावच्या जलकुंभाखाली फार तर दीड किलो, शेवटच्या घरापर्यंत त्यातलंही सांडतं. शहरी बागेसाठी बनलेली आठ प्रकारचे फवारे देणारी रंगीत नोझल दोन-अडीच किलोवर खुलते. आमच्याकडे तिचे आठही प्रकार सारखेच दिसतात.

पाण्याचंही बघावं लागतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं, तिथं चापाची लोखंडी स्प्रिंग फार टिकत नाही. इतरत्र क्षार बसून बारीक भोकं बुजतात. शेततळ्याचं पाणी असलं तर शेवाळ. फवाऱ्याच्या बारीक चकतीला गाळून घेतलेलं पाणी लागतं, पाइपाला तेवढी चैन नाही.

आणखी एक गोष्ट, फवाऱ्याशी असलेल्या या नात्यामुळेच. फवाऱ्याची दांडी पाइपाला जोडून रोपांना पाणी द्यायचा मोह होतो, घरात पडलेलीच असते. आधी तिच्यातून टू-फोर-डी हे तणनाशक मारलेलं असलं तर जराशा अंशानंही पऱ्हाटीची पानं आखडून पंजासारखी होतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, तेव्हा चर्चा औषधांची झाली आणि पॉवर पंपांची झाली. तोंडाच्या भोकाची फारशी झाली नाही. दाब जास्त आणि भोक बारीक की थेंब धुक्यासारखा होतो, आणि डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत ते धुकं मारणाऱ्याच्याच तोंडावर येतं.

मोठ्या वावरात हाती नोझलचा प्रश्न ठिबकनं जवळपास मिटवला. संत्र्याच्या आळ्यात आता पाइप घेऊन फारसं कुणी उभं राहत नाही. उरली नर्सरी, गोठा, ट्रॅक्टर धुणं आणि अंगण.

पण नर्सरीलाही पाणी शेतीच्या लाइनवरच मिळतं, आणि नोझलला चाप असावा की नाही हा वाद तिथं आहे. शेतीची थ्री-फेज लाइन पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. २००५ नंतरच्या भारनियमनात तर ती कधी येईल याचा भरवसाच नव्हता. म्हणून लोकांनी स्टार्टरला ऑटो बसवले. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. ऑटो आणि सोडला की बंद होणारा चाप या दोन सोयी एकत्र आल्या की काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. संध्याकाळी लाइन गेली, मी नोझल पाइपासकट वाफ्याच्या कडेला टाकून घरी आलो. चाप अर्थात बंद. रात्री दीडला लाइन आली. पाच एचपीचा सबमर्सिबल, पुढं पाण्याला वाट नाही, आणि असा पंप तोंड बंद असताना सहा-आठ किलोपर्यंत दाब सहज चढवतो. लपेटा पाइप (गुंडाळून ठेवता येतो तो चपटा) जोडापासून सुटला. सकाळी पाहिलं तर दोन वाफे धुतले गेलेले, रोपांच्या पिशव्या एकमेकींवर आडव्या, आणि नोझल मात्र शाबूत, चाप घट्ट मिटून बसलेला.

चापाच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं मी अर्थातच मान्य करतो. वरुड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या अतिउपशाचा, बोअर शेकडो फूट खाली गेलेले. पाइप जमिनीवर टाकला की पाणी थांबलं पाहिजे, आणि ते चापच करतो. पण ही बाजू मांडणाऱ्यांनी एकदा आठ तास चाप दाबून पाहावा. नर्सरीत बायांनी पहिल्याच आठवड्यात सायकलच्या ट्यूबची पट्टी चापावर गुंडाळली. चाप कायमचा दाबलेला. मग कंपन्या करतात तशी लेथवाल्यानं चापाला अडकवायची कडी दिली, म्हणजे ट्यूबचंच काम पितळेत. पाणी वाचवायची सगळी मसलत त्या कडीपाशी संपते, हे त्याला मी दोनदा सांगितलं.

दुसरा पक्ष कॉकवाल्यांचा. अर्ध्या इंची प्लास्टिकचा कॉक, पुढं झारीचं तोंड, मागं क्लॅम्प. दांडी पाइपाच्या रेषेत असली की सुरू, आडवी केली की बंद. बोट मोकळं. कॉकची खोड अशी की तो उघडा नाहीतर बंद, मधल्या जागी पाणी नीट आवरत नाही, आणि अर्धवट उघडा ठेवला की आतली बैठक झिजून गळायला लागतो. शिवाय दांडी पिशवीच्या कडांत अडकते. वर एक झटका : ताठ पीव्हीसी पाइपात सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी कॉकनं खटकन अडवलं तर तीन-चार किलोचा जादा दाब उलटा धावतो. पाइपाची थरथर हाताला कळते.

लेथवाल्यानं शेवटी दोन्ही सोडून अंगठ्यानं पुढं-मागं सरकणारी पट्टी बसवली. जिथं ठेवली तिथं राहते, हळूच बंद होते, आणि आतली वाट १० मिलिमीटरची. बायांना ती लगेच जमली, अंगठ्याची जागा तीच.

आता वाद उरलाय तो पट्टी पूर्ण बंद केल्यावर पाणी पूर्ण थांबावं की नाही याचा. माझ्या वाफ्यांची हकिकत ऐकून त्यानं वालच्या बाजूनं २ मिलिमीटरचं एक भोक ठेवलं, पाणी झिरपत राहावं म्हणून. मला हे पटलेलं नाही. एवढ्याशा भोकानं पाइपातला दाब उतरत नाही, आणि एक किलो दाबावर त्यातून तासाला शंभरेक लिटर पाणी जातं. दाब उतरवायचा तर पंपाजवळ टी (तीन तोंडांचा जोड) बसवून जादा पाणी परत टाकीत न्यावं लागेल, एचटीपीच्या पंपात परतीची नळी असते तसं. त्याचं म्हणणं, नोझल विकायची तर ती एकटीच विकता आली पाहिजे, गिऱ्हाइकाच्या विहिरीवर जाऊन टी कोण बसवणार.

सध्याच्या नमुन्यात ते भोक आहे. नर्सरीतल्या एका बाईनं पहिल्याच दिवशी त्यावर चिकटपट्टी लावली, पायावर गार पाणी पडते म्हणून.