होडीचा नांगर

छोटी होडी पाण्यात एका जागी धरून ठेवायला दोराला बांधून तळाशी सोडतात तो नांगर. नाव शेतातल्या नांगराचंच आणि कामही तेच, जमिनीत घुसायचं. बऱ्याच जणांना वाटतं की तो वजनाने होडी धरतो, पण खरं तर तो रुततो म्हणून धरतो, आणि रुतायला त्याला आडवी ओढ लागते. म्हणून दोर सढळ सोडायचा, खोलीच्या निदान 5 पट, वारा असला तर 7 पट, म्हणजे 3 मीटरला 15 ते 21 मीटर, आणि खोली धरताना पाण्यापासून होडीच्या नाकापर्यंतची उंचीही मिळवायची. दोर आखूड पडला की ओढ वरून लागते आणि नांगर उपटून येतो. नांगराला आधी एक-दोन मीटर साखळी, मग दोर, तोही नायलॉनचा, कारण तो ताणतो आणि लाटांचे झटके पचवतो.

पुणे जिल्ह्यात तळ जागोजागी बदलतो. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवणकडे, गाळ भरपूर, तिथे रुंद पात्यांचा नांगर छान बसतो. काळ्या कातळावर मात्र तो नुसता घसरतो, दोर दोन बोटांत धरला की तळाची खडखड हाताला कळते, तिथे चार आकड्यांचा गळ बरा. पोत्यात दगड भरून सोडणं स्वस्त आहे पण त्यात फक्त वजन, वारा सुटला की होडी निघाली. शिवाय धरणांच्या पोटात जुन्या भिंती, झाडांचे बुंधे असतात, पळसदेवचं जुनं देऊळ तर उजनीचं पाणी उतरलं की वर दिसतं. अशा ठिकाणी नांगराच्या मागच्या टोकाला वेगळी बारीक दोरी आणि वर रिकामा कॅन बांधून ठेवतात, अडकला तर त्या दोरीने उलटा ओढायचा.

नांगर भिरकावायचा नाही, हळू सोडायचा, आणि दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय का ते आधी बघायचं (हसू नका, असे कितीतरी नांगर तळाशी पडलेत). मग काठावरचं एक झाड आणि त्यामागचा एखादा खांब एका रेषेत धरून बसायचं, रेषा मोडत गेली तर होडी सरकतेय.

वाहत्या पाण्यात नांगर कायम नाकाकडून, मागून कधीच नाही, कारण मागची बाजू बुटकी आणि सपाट असते, पाणी थेट आत येतं. आणि पावसाळ्यात मुठेत नांगर टाकून बसूच नये, खडकवासल्यातून पाणी सोडलं की पातळी चढते, तोच दोर आखूड पडतो आणि नाक खाली ओढलं जातं, तेव्हा गाठ सोडायला वेळ नसतो, सुरी हाताशी लागते.