मानव विकास, अनिश्चिततेच्या काळातील

माणसाला निरोगी दीर्घायुष्य, शिक्षण आणि बऱ्यापैकी जगण्याइतके उत्पन्न मिळून आपल्या मनाप्रमाणे आयुष्य घडवता येणे, म्हणजे मानव विकास. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साथीने ही कल्पना मांडली. संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रमाच्या १९९० मधील पहिल्या अहवालापासून देशांची प्रगती ० ते १ या निर्देशांकाने मोजली जाते.

२०२० आणि २०२१ अशी सलग दोन वर्षे जगाचा निर्देशांक घसरला. तीन दशकांत असे कधी झाले नव्हते. नव्वद टक्क्यांहून अधिक देशांना यांपैकी किमान एका वर्षी फटका बसला. भारताचा निर्देशांक २०१९ मधील ०.६४५ वरून २०२१ मध्ये ०.६३३ वर आला आणि सरासरी आयुर्मान ६९.७ वरून ६७.२ वर्षांवर. महामारीतून जग सावरते न सावरते तोच युक्रेनमधील युद्धाने अन्न आणि इंधन महागले. हवामानबदलाचे सावट तर आधीपासून होतेच.

निर्देशांक काय मिळवले ते सांगतो. मिळवलेले टिकेल का, हे सांगत नाही. पुणे हे याचे ठळक उदाहरण आहे. 'यशदा' या राज्य शासनाच्या प्रशिक्षण संस्थेने तयार केलेल्या महाराष्ट्राच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात पुणे जिल्ह्याचा निर्देशांक ०.८१४ होता, नंदुरबारचा ०.६०४. (ही मोजणी राज्यापुरती, तिची जागतिक आकड्यांशी तुलना करू नये.) तरीही ९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले कोरोनारुग्ण याच शहरात सापडले आणि टाळेबंदीत इथले हातावर पोट असलेले लोक काही दिवसांतच अडचणीत आले. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या कचरावेचक महिलांचे काम अत्यावश्यक ठरले, म्हणून ते थांबले नाही; पण भंगाराची दुकाने बंद पडली. कागद, काच, पत्रा, प्लास्टिक हाताने निवडून वेगळे करायचे, गोणीत भरायचे आणि विकायचे मात्र कुणाला? जिच्यावाचून शहराचे चालत नाही तिचीच अशी कोंडी व्हावी, ही विकासाच्या मोजमापातली गंभीर उणीव मानली पाहिजे. या महिला १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित आहेत, हा त्यांचा मोठाच आधार.

संकट सरले तरी अनिश्चितता सरत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, पण जागेच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला.

२०२३ साली भारताचा निर्देशांक ०.६८५ वर, १९३ देशांत १३० व्या स्थानी पोहोचला. विषमता हिशेबात धरली, तर त्यातला ३०.७ टक्के भाग वजा होतो.