हमीचा करार आणि क्षतिपूर्तीचा करार : जबाबदारी कोणाच्या देण्यावर उभी आहे?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या आठव्या प्रकरणात, म्हणजे कलम १२४ ते १४७ मध्ये, क्षतिपूर्तीचा, म्हणजे नुकसान भरून देण्याचा, करार आणि हमीचा करार असे दोन करार एकत्र आले आहेत. दोहोंतही कोणीतरी दुसऱ्याला पैशाची तोशीस लागू नये म्हणून वचन देतो, त्यामुळे व्यवसाय कायदा नव्याने शिकणाऱ्यांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. ‘क्षतिपूर्तीत दोन पक्ष आणि हमीत तीन’ एवढे उत्तरपत्रिकेत लिहून बहुतेक विद्यार्थी पुढच्या प्रश्नाकडे वळतात. उत्तर बरोबर आहे, पण पक्ष दोन का आणि तीन का, हे त्यातून कळत नाही.

हमीचा करार दुसऱ्याच्या देण्यावर उभा असतो. एखादा व्यापारी बँकेकडून कर्ज घेतो आणि त्याचा मित्र त्याला जामीन राहतो, तेव्हा मूळ देणे व्यापाऱ्याचे असते आणि त्याने ते दिले नाही तरच फेडण्याचे वचन मित्राने दिलेले असते. धनको (इथे बँक), मूळ ऋणको (व्यापारी) आणि जामीनदार (मित्र) असे तीन पक्ष कलम १२६ मध्ये येतात ते यामुळे. याउलट, शेअर प्रमाणपत्र गहाळ झालेला भागधारक दुय्यम प्रत मागताना कंपनीला क्षतिपूर्ती बंधपत्र लिहून देतो, तेव्हा तिथे कोणाचेच कर्ज नसते. उद्या मूळ प्रमाणपत्र घेऊन दुसराच कोणी दावा सांगत आला आणि कंपनीला त्याची झळ बसली, तर ती मी भरून देईन, एवढेच तो म्हणतो. असा दावेदार कधी उगवणारही नाही. कलम १२४ ची व्याख्या मात्र अरुंद आहे : वचन देणाऱ्याच्या स्वतःच्या किंवा अन्य व्यक्तीच्या वर्तनामुळे झालेली हानीच तिच्यात बसते, पुराने किंवा विजेने झालेली नाही. इंग्लंडच्या कायद्यातील कल्पना याहून बरीच व्यापक आहे.

‘त्याने पैसे दिले नाहीत, तर मी देईन’ आणि ‘त्याला माल द्या, पैसे माझ्याकडून घ्या’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात माल घेणारा देणेकरी आहे आणि बोलणारा त्याचा जामीनदार. दुसऱ्यात माल घेणाऱ्याचे देणे निर्माणच होत नाही. बोलणारा स्वतः देणेकरी होतो आणि कलम १२६ लागू होत नाही. इंग्लंडमध्ये १६७७ च्या कायद्याने हमी लेखी असणे आवश्यक ठरवल्यामुळे तोंडी वचन हमीचे की स्वतःच्या देण्याचे, यावर दाव्याचे भवितव्य ठरू लागले आणि तिथल्या न्यायालयांना अशा वाक्यांचा बराच कीस पाडावा लागला. आपल्याकडे हमी तोंडीही चालते, असे कलम १२६ स्पष्ट सांगते; तरीही व्यवहारात तोंडी हमीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

जबाबदारी नेमकी केव्हा अंगावर येते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरलेले नसल्यास, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ‘आधी कर्जदाराकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असे जामीनदार म्हणू शकत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात खालच्या न्यायालयाने बँकेवर नेमकी अशीच अट घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ती रद्द केली, कारण धनकोला असे ताटकळत ठेवले तर हमी घेण्याचा हेतूच फसतो. क्षतिपूर्तीत पेच निराळा आहे. प्रत्यक्ष नुकसान सोसल्यावरच भरपाई मागता येते की त्याआधीही? कायद्यात याचे थेट उत्तर नाही. गजानन मोरेश्वर परेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री या १९४२ च्या खटल्यात वादीने प्रतिवादीच्या सांगण्यावरून बांधकाम साहित्याच्या पुरवठादाराच्या नावे भूखंड गहाण ठेवला होता. पुढे प्रतिवादीने वादीला त्या बोजातून सोडवण्याचे कबूल केले आणि ते पाळले नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला यांनी असे ठरवले की, कलम १२४ आणि १२५ मध्ये क्षतिपूर्तीचा संपूर्ण कायदा सामावलेला नाही आणि देणे निश्चित झालेले असेल, तर संरक्षित व्यक्ती, म्हणजे जिला भरपाईचे वचन मिळाले आहे ती, स्वतःच्या खिशातून भरण्याआधीच मुक्तता मागू शकते. आधी पैसे भरून कफल्लक व्हायचे आणि मग भरपाई मागायची, असे असेल तर त्या वचनाचा उपयोग तरी काय?

हमी परक्याच्या देण्यावर उभी असल्यामुळे कायदा जामीनदाराला बरेच संरक्षण देतो. धनको आणि ऋणको यांनी त्याला न विचारता मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो (कलम १३३). धनकोने ऋणकोला करार करून सोडून दिले तरीही तो सुटतो (कलम १३४). नुसता दावा लावायला उशीर झाला, तर मात्र सुटत नाही. तसेच दिवाळखोरी संहितेखालील निराकरण योजनेमुळे, म्हणजे कंपनीची थकलेली देणी मिटवण्याच्या मंजूर योजनेमुळे, कंपनी कर्जमुक्त झाली, म्हणून तिचे वैयक्तिक जामीनदार आपोआप सुटत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललितकुमार जैन खटल्यात म्हटले आहे. क्षतिपूर्तीचे वचन देणाऱ्याला ही कलमे उपयोगी पडत नाहीत, कारण त्याचे वचन त्याचे स्वतःचे असते.

हे दोन करार एका ठिकाणी मात्र भेटतात. जामीनदाराने हमीपोटी योग्य रीतीने जे भरले, ते ऋणकोने त्याला भरून द्यावे, असे गर्भित वचन कलम १४५ प्रत्येक हमीत गृहीत धरते. म्हणजे त्रिपक्षीय हमीच्या पोटातच ऋणको आणि जामीनदार यांच्यातली द्विपक्षीय क्षतिपूर्ती असते.

ठेकेदारासाठी बँक काम देणाऱ्याला जी बँक गॅरंटी देते, तिच्या नावात हमी आहे, पण ‘मागणी होताच, कोणतीही हरकत न घेता’ असे तिच्यात लिहिलेले असल्यास ठेकेदार आणि काम देणारा यांच्यातल्या वादाशी बँकेला कर्तव्य नसते. न्यायालये तिला स्वतंत्र करार मानतात आणि गंभीर फसवणूक किंवा भरून न येणारी हानी अशा अपवादांखेरीज तिचे पैसे थांबवत नाहीत.