वर्गसमीकरणे : भौमितिक शाब्दिक उदाहरणांतील उपयोजन

आकृतीतील अज्ञात लांबी क्ष मानून, शब्दांत दिलेल्या अटी क्षच्या रूपात मांडून आणि त्यांतून मिळणारे दुसऱ्या घाताचे समीकरण सोडवून ती लांबी काढण्याची रीत. भूमितीत वर्ग येतो तो मुख्यत्वे दोन वाटांनी : क्षेत्रफळ हा दोन लांब्यांचा गुणाकार असतो, आणि काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचे नाते त्यांच्या वर्गांतून व्यक्त होते. महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या ‘वर्गसमीकरणे’ या प्रकरणात हा भाग शिकवला जातो.

अशी उदाहरणे फार जुनी आहेत. ब्रिटिश म्युझियममधील एका प्राचीन बाबिलोनी मृत्तिकाफलकावर चौरसाचे क्षेत्रफळ व बाजू यांची बेरीज ३/४ असल्यास बाजू किती, असा प्रश्न असून त्याचे उत्तर १/२ आहे. नवव्या शतकात अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण चौरसाला आयत जोडून व उरलेला कोपरा २५ चौरस एककांनी भरून सोडवले. आजची ‘पूर्ण वर्ग पद्धत’ म्हणजे हीच आकृती, चित्र वगळून लिहिलेली.

समीकरण सोडवणे हा या रीतीतील सोपा भाग होय. अवयव पाडून किंवा सूत्राने ते काम होते. खरी कसोटी मुळांचा, म्हणजे समीकरणातून मिळणाऱ्या क्षच्या किमतींचा, अर्थ लावताना लागते. ३० मी. लांब व २० मी. रुंद बागेभोवती सर्व बाजूंनी सारख्या रुंदीचा रस्ता असून त्याचे क्षेत्रफळ बागेइतकेच असेल, तर (३० + २क्ष)(२० + २क्ष) = १२००, म्हणजेच क्ष² + २५क्ष − १५० = ० हे समीकरण मिळते. त्याची मुळे ५ व −३० आहेत. −३० घेतल्यास बाहेरच्या आयताच्या बाजू −३० व −४० येतात आणि त्यांचाही गुणाकार १२०० च भरतो. बीजगणिताला त्यात काही वावगे दिसत नाही; रुंदी ऋण नसते ही अट आपण भूमितीतून आणतो.

मात्र दोन्ही मुळे धन आली म्हणजे दोन उत्तरे मिळाली, असेही नाही. १०० मी. तारेने वेढलेल्या ६०० चौ.मी. आयतासाठी क्ष² − ५०क्ष + ६०० = ० याची मुळे २० व ३० येतात आणि ती एकाच आयताची रुंदी व लांबी असतात. येथे विवेचकालाही, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणाऱ्या राशीलाही, भौमितिक अर्थ आहे. क्षेत्रफळ ६२५ चौ.मी. धरले तर विवेचक शून्य होऊन आयताचा चौरस होतो. ६५० धरले तर विवेचक ऋण होतो, म्हणजे तेवढ्या तारेत असा आयत बसतच नाही.

धन मूळही टाकावे लागते याचे उत्तम उदाहरण भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) ‘बीजगणित’ या ग्रंथात आहे. बारा अंगुळे उंचीच्या शंकूच्या (छाया मोजण्यासाठी उभ्या रोवलेल्या खुंटीच्या) छायेतून कर्णाचा, म्हणजे शंकूच्या टोकापासून छायेच्या टोकापर्यंतच्या अंतराचा, तिसरा हिस्सा वजा केल्यास चौदा अंगुळे उरतात, तर छाया किती? छाया क्ष मानल्यास कर्ण ३(क्ष − १४) होतो, आणि पायथागोरसच्या प्रमेयावरून २क्ष² − ६३क्ष + ४०५ = ० हे समीकरण येते. मुळे साडेबावीस व नऊ. दोन्ही धन असली, तरी छाया चौदापेक्षा मोठी असलीच पाहिजे; म्हणून नऊ हे मूळ अनुपपन्न (न जुळणारे) ठरवून भास्कराचार्यांनी सोडून दिले. नऊ घेतल्यास कर्ण −१५ येतो, हे पाहिले की त्यांचा निर्णय पटतो. समीकरणाचा वर्ग करताना चिन्हाची अट नाहीशी होते आणि असे आगंतुक मूळ आत शिरते. पडताळा मूळ अटीतच घ्यावा लागतो तो यासाठी.

उलट, वर्ग दिसला म्हणजे वर्गसमीकरण आलेच असेही नसते. भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’तील कमळाची कळी पाण्याच्या वर एक वीत, म्हणजे अर्धा हात आहे आणि वाऱ्याने कलून ती दोन हातांवर बुडते. पाण्याची खोली क्ष मानल्यास क्ष² + ४ = (क्ष + १/२)². दोन्हीकडचे क्ष² जातात, उरते ते एकघाती समीकरण, आणि खोली पावणेचार हात निघते.