‘पोचलीस का?’ ते ‘कुठे होतीस?’

साखरपुडा झालेल्या मुलीचा फोन दर अर्ध्या तासाने वाजला की मैत्रिणी चिडवतात आणि मावशी कौतुकाने म्हणते, ‘तळहातावरच्या फोडासारखा जपतोय गं!’ सहा महिन्यांनी तोच फोन वाजतो तेव्हा ती बोलता बोलता गप्प होते आणि मागे कोणाचा आवाज येतोय याचा खुलासा देत बसते. आधी प्रश्न ‘पोचलीस का?’ असा होता, आता तो ‘कुठे होतीस?’ असा झालेला असतो.

नातं बिघडल्याची पहिली खूण म्हणजे उगारलेला हात, असं आपण धरून चालतो. एव्हान स्टार्क या अमेरिकी अभ्यासकाने २००७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. पैसे, कपडे, मित्रमंडळी, जाणं-येणं यांवर हळूहळू बसत जाणारा ताबा हे दुखण्याचं मूळ. मारहाण त्यातूनच येते, कधी येतही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असा ताबा हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

आपल्याकडच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही बायकांना मारहाणीबरोबर काही साधे प्रश्न विचारतात. परपुरुषाशी बोललात तर नवरा चिडतो का? मैत्रिणींना भेटू देत नाही का? माहेरचा संपर्क कमी करायला बघतो का? सतत कुठे आहात ते कळलंच पाहिजे, असा हट्ट असतो का? ‘हो’ ही उत्तरं जितकी जास्त, तितकं हिंसेचं प्रमाणही जास्त आढळतं. या यादीत ‘रागीट आहे का?’ हा प्रश्न नाही. गंमत म्हणजे स्थळ बघताना आपण चौकशी नेमकी तेवढीच करतो.

मग कळूनही माणूस का अडकतो? याचं एक उत्तर कबुतरांकडे आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांत चोच मारली की दर वेळी दाणा मिळणारं कबूतर, दाणा बंद झाल्यावर लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर मात्र ते कितीतरी जास्त वेळ टोचत राहतं. चार दिवस अबोला, पाचव्या दिवशी गजरा आणि डोळ्यांत पाणी, हा तोच बेभरवशाचा दाणा. डटन आणि पेंटर या संशोधकांनी १९९३ मध्ये अशी नाती सोडून आलेल्या ७५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. छळ आणि माया आलटून-पालटून वाट्याला येणं आणि दोघांच्या ताकदीतली तफावत, यांचा संबंध सुटकेनंतरही टिकलेल्या ओढीशी दिसला. ‘मूर्ख कशी राहिली?’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. पुरुषांचं मनही याला अपवाद नाही.

मला विचाराल तर सर्वांत उपयोगी खूण एका छोट्याशा ‘नाही’त सापडते. ‘आज भेटायला जमणार नाही’, ‘फोनचा पासवर्ड देणार नाही’ म्हणून बघा. समोरचा हिरमुसेल, कुरकुरेल, ते चालायचंच. पण त्या ‘नाही’ची किंमत पुढचे चार दिवस वसूल होत असेल आणि शेवटी माफी तुम्हीच मागत असाल, तर त्याला ‘स्वभाव’ म्हणू नका.

आपला २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. लग्नाशिवाय नवरा-बायकोसारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचा आधार घेता येतो. फक्त एक काळजी घ्यावी. नातं तोडण्याचा काळ अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, म्हणून ‘मी चालले’ हे त्याला सांगण्याआधी एखाद्या विश्वासाच्या माणसाला किंवा १८१ या महिला हेल्पलाइनला सांगावं. आणि तेही तो तपासत नाही अशा फोनवरून.