श्वास कोंडलेल्या मण्यांची वाइन

फेब्रुवारीत वाशीच्या फळबाजारात गेलं की गाळ्यांसमोर नाशिक-सांगलीच्या द्राक्षांच्या पेट्या छातीइतक्या उंच रचलेल्या असतात. मी शरद सीडलेसचा एक काळा मणी उचलला आणि नखाने सोलायला लागले. "ताई, खाऊन बघा, सोलताय कशाला?" गाळेवाला वैतागलाच. पण मला हवं होतं ते दिसलं होतं. आतला गर फिकट हिरवट, जवळजवळ बिनरंगी. सगळा काळेपणा सालीत.

काळ्या द्राक्षाचा रस बहुतेक वेळा पांढराच असतो. रेड वाइनचा लाल रंग म्हणजे सालीतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य रसात उतरणं. साल जितका वेळ रसात भिजेल तितका रंग गडद, आणि रंगाबरोबर टॅनिनही उतरतं. फार उकळलेल्या चहाने जीभ जशी तुरट होते, तसं. मी ज्या द्राक्षाबद्दल लिहायला बसले आहे, त्याच्या फ्रेंच नावातच ही गोष्ट सांगून टाकली आहे: गामे न्वार आ झ्यू ब्लां, म्हणजे पांढऱ्या रसाचं काळं गामे. फ्रान्समधल्या बोजोले भागातली रेड वाइन याचीच. रंगाला हलकी, तुरटपणा कमी, वास चेरी-स्ट्रॉबेरीचा आणि कधीकधी चक्क पिकलेल्या केळ्याचा.

द्राक्षाला केळ्याचा वास कुठून?

नेहमीच्या पद्धतीत मणी चुरडतात आणि यीस्ट साखरेची दारू करतं. बोजोलेत अख्खे घडच्या घड टाकीत ओततात. म्हणून तिथली तोडणी बहुतांशी हाताने होते, मणी फुटून चालत नाहीत. तळाचे मणी वरच्यांच्या वजनाने फुटतात, त्यांचा रस आंबायला लागतो आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वर चढत टाकी भरून टाकतो. वरचे अख्खे मणी मग प्राणवायूवाचून कोंडतात.

मणी तोडला तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात. श्वास कोंडला की त्या आपल्याच विकरांनी (एन्झाइमांनी) साखर मोडून अल्कोहोल बनवायला लागतात, यीस्टची मदत न घेता. ही युक्ती काही द्राक्षाची मक्तेदारी नाही. जुलैत शहापूर-मुरबाडच्या खाचरांत पाण्याखाली बुडालेलं भाताचं बी ज्या तडजोडीवर तग धरतं, ती हीच. भाताचा कोंब त्या जोरावर पाण्याबाहेर डोकं काढतो. मण्याला मात्र सुटका नसते. अल्कोहोल दोनेक टक्क्यांवर गेलं की त्याच्या पेशी मरतात, आणि उरलेली साखर मग यीस्ट संपवतं.

पण मरण्याआधी मण्याने बरंच काम उरकलेलं असतं. त्यातलं आंबट मॅलिक आम्ल कमी झालेलं असतं आणि स्ट्रॉबेरी-दालचिनीच्या वासाकडे झुकणारं एथिल सिनॅमेट तयार झालेलं असतं. अशा वाइनमध्ये आयसोअमाइल ॲसिटेटही जास्त सापडतं. त्यात यीस्टचाही हात असतो. पिकत्या केळ्यांच्या गाळ्यासमोरून जाताना नाकात भरतो तो वास याच रसायनाचा. (मधमाशी डंख मारते तेव्हा इतर माश्यांना धोक्याचा इशारा म्हणून हेच रसायन सोडते. आग्या मोहोळाजवळ केळं सोलायचा मोह टाळलेला बरा.)

टॅनिन कमी असल्यामुळे ही वाइन मुरायची वाट बघावी लागत नाही. सप्टेंबरच्या आसपास तोडलेल्या द्राक्षांची 'बोजोले नुव्हो' नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. त्या दिवसाचा गाजावाजा मला जरा अतीच वाटतो. गामेचा खरा कस उत्तर बोजोलेत लागतो, मुलाँ-आ-व्हाँसारख्या पट्ट्यांच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत. तिथली वाइन वर्षानुवर्षं टिकते.

तरीही गामेला खालच्या पंक्तीचं द्राक्ष मानायची खोड जुनी आहे. 1395 मध्ये फ्रान्समधल्याच बर्गंडी प्रांताच्या ड्यूक फिलिपने या वेलीला बेइमान ठरवून उपटून टाकायचा हुकूम काढला. गुन्हा एवढाच की ती भरघोस लागायची आणि शेतकरी ड्यूकच्या लाडक्या पिनो द्राक्षाच्या जागी ती लावायला लागले होते. 1999 मध्ये डीएनए तपासणीने तिचे आईबाप शोधून काढले: एक ग्वे ब्लां, गरिबांच्या मळ्यातलं हलकं समजलं जाणारं पांढरं द्राक्ष, आणि दुसरं खुद्द पिनो. जगभर मिरवणारं पांढऱ्या वाइनचं द्राक्ष शार्दोने हे याच जोडीचं दुसरं अपत्य.

बाटली हाती लागलीच तर एक लक्षात ठेवा. रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार खोल्यांचा आहे, ठाण्यातल्या नव्हे. गामे 12 ते 14 अंशांवर खुलते. आपल्याकडे नोव्हेंबरच्या दुपारीही पारा तिशी ओलांडतो, आणि तेवढ्या उष्णतेत तिच्यातलं फळ दबून नुसती अल्कोहोलची झणझण वर येते. तेव्हा बाटली खुशाल तासभर फ्रिजमध्ये ठेवा, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी.