आबांची रंकाळ्याची फेरी का थांबली?

आमच्या शिवाजी पेठेतल्या आबांचा जन्म फाउंड्रीत गेला. निवृत्तीनंतर पहाटेची रंकाळ्याची फेरी कधी चुकली नाही. गेल्या वर्षी ती बंद पडली. रडणं नाही, तक्रार नाही. एकदा चहा ठेवायला उठले आणि पाणी उकळून आटत आलं तरी चहापुडीचा डबा हातात धरून नुसते उभे राहिले. घरचे म्हणाले, "वय झालं, चालायचंच." वीस वर्षांच्या बीपीशी याचा संबंध असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांना ती शंका फार जुनी. जर्मन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट गाउप यांनी १९०५ मध्येच उतारवयातल्या काही रुग्णांचं नैराश्य कडक झालेल्या रक्तवाहिन्यांशी जोडलं होतं. पण जिवंत माणसाच्या मेंदूत इतकं बारकाईनं डोकावायची सोय नव्हती. ती १९८०च्या दशकात एमआरआयनं दिली. पक्षाघात कधीच न झालेल्या, पण उतारवयात नैराश्य आलेल्या कितीतरी रुग्णांच्या मेंदूत पांढरे डाग दिसू लागले. १९९७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज अलेक्सोपोलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रक्तवाहिन्याजन्य नैराश्य' हे गृहीतक मांडलं. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठातल्या रंगा कृष्णन यांच्या गटानं एमआरआयच्या आधारे तेच सुचवलं.

बीपी आणि मधुमेहानं मेंदूच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. कपाळामागचा भाग मेंदूतल्या खोल केंद्रांशी ज्या तंतूंनी जोडलेला असतो, त्यांना रक्त कमी पडतं; एमआरआयमधले पांढरे डाग ही त्याचीच खूण मानतात. काम ठरवणं, सुरू करणं, पुढची पायरी गाठणं हे सगळं तिथूनच चालतं. म्हणून अशा नैराश्यात रडण्यापेक्षा संथपणा आणि निरिच्छपणा जास्त दिसतो. आबांच्या हातातला डबा मला आता उमगतो.

हे अजून गृहीतकच आहे. असे डाग ठणठणीत म्हाताऱ्यांतही सापडतात, आणि उलट बाजूनं नैराश्यामुळेही पक्षाघाताचा धोका वाढतो. नेहमीच्या गोळ्या अशा रुग्णांना अनेकदा कमी लागू पडतात, हे मात्र बऱ्याच अभ्यासांत दिसलं. त्यामुळे गोळ्यांच्या जोडीला अडलेल्या कामाचे छोटे तुकडे पाडून ते सोडवायला शिकवणारी उपचारपद्धत पुढे आली. बीपी आटोक्यात ठेवणं तर आहेच.

म्हातारा माणूस गप्प झाला की आपण त्याला वयाच्या खात्यात टाकून मोकळे होतो, याचं मला फार वाईट वाटतं. आबांच्या ओट्याशेजारी आता सुनेनं मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलंय: पाणी, साखर, चहापूड, दूध.